बारा ते चार नेट कुठे जाते

गोरेगाव (ता. सेनगाव),
चैत्रातला शनिवार, दुपारच्या चहानंतर

तीर्थस्वरूप विजयराव यांच्या चरणी, त्यांच्या धाकट्या बहिणीने गळ्यात माळ घालून कायमचा आपलासा केलेल्या विश्वंभरचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे उन्हाळ्याला सोसेल इतपत बरे आहोत. तुमच्या गुडघ्याचे कसे आहे? (मागच्या खेपेला तुम्ही उजवा म्हणालात, त्याच्या आधी डावा. दुखणे चालत चालत एका पायातून दुसऱ्या पायात गेले असेल तर ते तुमच्यापेक्षा जास्त चालते असे म्हणावे लागेल.) फोन सोडून पत्र लिहितो आहे याचे कारण इतकेच, की फोनवर तुम्ही बोलता आणि मी हुंकार देतो, आणि लग्न झाल्यापासून माझे एकही वाक्य तुमच्यासमोर पूर्णविरामापर्यंत पोचलेले नाही. कागदावर तशी भीती नाही.

तर मुद्दा जान्हवीचा. महिन्यापूर्वी ती दोन बॅगा आणि कंपनीचा लॅपटॉप घेऊन तुमच्या पुण्याच्या माडीवरच्या खोलीतून आमच्याकडे आली. कंपनीची अट तुम्हाला ठाऊक आहेच: एप्रिल संपेपर्यंत घरचे नेट अखंड चाललेले दिसले तर तिने इथूनच काम करावे, मध्ये मध्ये तुटले तर एक मेला पुण्याच्या खुर्चीत येऊन बसावे. म्हणजे पहा, एकुलती एक मुलगी चार वर्षांनी घरी आली, आणि ती राहणार की जाणार हे सेनगावहून खांबाखांबावर लोंबकळत आलेल्या एका काळ्या तारेच्या मर्जीवर. (तुम्ही दर आठवड्याला कळवता की खोली झाडून ठेवली आहे, गादीवर धुतलेली चादर घातली आहे. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण ती धुतलेली चादर हल्ली माझ्या डोळ्यांसमोर सारखी फडफडते.)

नेट बसवायला नेमसिंग आला होता. तांड्यावरचा. आठवीत माझ्या हाताखाली होता, आणि संस्कृतात बरोबर पस्तीस गुण मिळवून त्याने आम्हा दोघांचीही सुटका केली होती. आता कमरेला पक्कड लावून फिरतो आणि सगळा तालुका त्याला साहेब म्हणतो. जाताना त्याने राउटरच्या जागेची लक्षणे सांगितली. "गुरुजी, डबी घराच्या मधोमध ठेवा, उंचावर ठेवा, कोनाचा हात लागू नये, अन् लाइट गेली तरी बंद पडू नये असा पॉइंट बघा." मी चारही लक्षणे ताडून पाहिली. मधोमध, उंच, कोणी हात न लावणारे, आणि समईच्या बल्बसाठी मुद्दाम इन्व्हर्टरला जोडलेले असे स्थान आमच्या घरात एकच निघाले: देवघर. वडिलांनी हिंगोलीहून करवून आणलेले, सागवानी, दोन्ही दारांना पितळी पत्रा मढवलेला. बाळकृष्णाच्या डाव्या अंगाला मी राउटर ठेवला, आणि त्याचे चार हिरवे दिवे असे लुकलुकू लागले की समोर बसले की आपोआप डोळे मिटावे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याला हळदकुंकू लागलेले. माझी गंगूआत्या (वय वर्षे एकोणऐंशी, देवघराची सर्वाधिकारी) म्हणाली, देवघरात आलेल्याला उपाशी ठेवू नये. तेव्हापासून त्याला रोज साखरेचा एक दाणा मिळतो. मुंग्यांचे प्रकरण निराळे, ते पुन्हा कधी.

पहिल्याच आठवड्यात जान्हवी म्हणाली, बाबा, दुपारी नेट जातं. मी फोनवर वेग मोजण्याचे ॲप घेतले, एक दोनशे पानी वही घेतली आणि कामाला लागलो. सकाळी अठ्ठेचाळीस. अकराला सत्तेचाळीस. चारनंतर पुन्हा अठ्ठेचाळीस. बारा ते चारच्या नोंदी जान्हवी करून देई, आणि त्या दीड, पाऊण, शून्य अशा असत. त्या वेळात तिचे साहेब म्हणे पडद्यावर तोंड उघडे टाकून गोठून राहतात आणि त्यांची वाक्ये क्रियापदावाचून अधांतरी लटकतात. (हे मला तुमच्या फोनमुळे परिचयाचे होते.) नेमसिंगला तीनदा बोलावले. तिन्ही वेळा तो सकाळी दहाला किंवा सायंकाळी पाचला आला, कारण बारा ते चार नेमसिंगही झोपतो. सगळे गोरेगावच झोपते. सेनगावच्या जीपा लिंबाखाली उभ्या असतात आणि त्यांचे चालक स्टिअरिंगवर कपाळ टेकून असतात; दुकानदार अर्धे शटर ओढून पोत्याला पोते होऊन जातो; शिजवून वाळत घातलेल्या हळदीचा उबदार, मातकट वास घराघरांतून असा हिंडत असतो जणू त्या चार तासांत गावात त्याच्याशिवाय कोणीच जागे नाही. अशा वेळी तार तपासायला कोण येणार? नेमसिंगने देवघराच्या उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहूनच फोनवर सारे पाहिले आणि म्हणाला, "लाइन बराबर हाय, गुरुजी. पावर बी बराबर हाय. तकलीफ तुमच्या घरातच हाय, पन काहून हाय ते न्हाई समजून राहिलं."

मग मात्र शास्त्राचा आधार घेणे आले. नांदेडच्या पाठशाळेत चार वर्षे न्याय शिकलो ते काय लग्नात मंगलाष्टके म्हणण्यासाठी? अन्वय आणि व्यतिरेक: जिथे हे असते तिथे ते असते, हे नसते तिथे ते नसते, म्हणजे हे त्याचे कारण. मी एकेक संशयित घेतला. ऊन म्हणावे तर मधे दोन दिवस आभाळ आले तरी नेट बाराला गेलेच. शेजारची पिठाची गिरणी म्हणावी तर गुरुवारी गिरणी बंद, नेटही बंद. वानरे तारेवर बसतात, पण ती घड्याळ पाहून बसत नाहीत. सगळे निर्दोष सुटल्यावर वहीत एकच गोष्ट उरली, जी दर खेपेस हजर होती. मी सकाळची शाळा करून अकराला जेवतो आणि बाराच्या आत आडवा होतो. मी झोपलो की नेट जाते. मी उठलो की येते. माझ्या झोपेचा आणि नेटचा संबंध काय, हे शास्त्रात सापडेना. पण हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, निर्दोष होता. (तुमची बहीण म्हणाली, "घोरण्यानं तार हालत असंल." तिच्या शास्त्रात तेही बसते.)

म्हणून गेल्या शनिवारी मी जागायचे ठरवले. फोन आणि वही घेऊन साडेअकराला गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. वारा नव्हता. दूर शेतांवर ऊन पाण्यासारखे हलत होते. मला वाटले, या हवेतून आत्ता काय काय चालले असेल: कोणाच्या लग्नाचे फोटो, कोणाची भांडणे, कुठल्या तरी बाईने दूरच्या लेकराला विचारलेले "जेवलास का?", सगळे माझ्या कानापाशी होऊन जात असेल आणि मला कशाचाही स्पर्श नाही. इथपर्यंतचे आठवते. पुढे मी हिंगोलीच्या स्टँडवर होतो आणि जान्हवीच्या साहेबांचे एक वाक्य जीपमध्ये बसत होते. शब्द न् शब्द, माणसांसारखे, हातात पिशव्या घेऊन. कर्ता पुढे चालकाशेजारी बसला, विशेषणे मागे मांडीला मांडी लावून, क्रियापदाला जागा नाही म्हणून ते पायदानावर लटकले. सेनगावला दोन शब्द चहाला उतरले ते उतरलेच. बाकीचे आमच्या दारात आले, चपला काढल्या, पाय धुतले आणि देवघरापुढे येऊन ओळीने उभे राहिले. मी म्हणालो, आत जा ना, पोरगी वाट पाहते आहे. तर सगळ्यांत पुढचा शब्द ओठांवर बोट ठेवून अगदी हळू म्हणाला, "देव झोपलेत."

जागा झालो तेव्हा साडेबारा झाले होते. टाकीची सावली माझ्या अंगावरून सरकून कधीच पलीकडे गेली होती. खाली आलो. देवघराची पितळी दारे बंद. मी ती उघडली. राउटरवर देवांची रेशमी शाल चारही बाजूंनी खोचून घातलेली, आणि त्याच्या पुढ्यात पाण्याने भरलेला तांब्या. शाल काढली: वेग सेहेचाळीस. दार लावले: दीड. उघडले: सेहेचाळीस. विजयराव, माध्यान्हीनंतर देवांना निजवायचे आणि चारला उठवायचे ही आमच्या घरची रीत मी पाळण्यात असल्यापासूनची. इतके जवळचे ते मला दिसलेच नाही. वहीची एकशे बारा पाने मी गिरणी आणि वानरांवर घालवली होती.

स्वयंपाकघरात गेलो तर आत्या आणि जान्हवी समोरासमोर ताटे घेऊन बसलेल्या. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, आणि पोरगी कशाला तरी इतकी हसत होती की तिला ठसका लागला होता. चार वर्षांत मी तिला असे जेवताना पाहिले नव्हते. मी विचारले, "आत्या, तू त्या डबीला निजवतेस काहून?"

"सकाळपासून लुकलुक करून राहिलं ते. थकत न्हाई व्हय?" आत्या म्हणाली. मग भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता, "अन् दार लावलं की पोरगी जेवायला येते. पहिल्या दिशी लावलं, आली. दुसऱ्या दिशी इसरले, तर तीन वाजेस्तोवर त्या पडद्यातून डोकं वर न्हाई. तिसऱ्या दिशी लावलं, आली. मंग रोज लावते. तुला काय तकलीफ?"

अन्वय, व्यतिरेक, पुन्हा अन्वय. तीन दिवसांत, वहीशिवाय. मी भिंतीला टेकून बसलो. जान्हवी भाजीत काहीतरी हरवल्यासारखी मान खाली घालून शोधत होती. मग मी आत्याला कंपनीची अट सांगितली, एक मे सांगितली, तुमची माडीवरची खोलीही सांगितली. आत्याचा हात ताटातच थांबला. "मंग जाईल व्हय ही?" असे एकदाच म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "उचल मंग ते तिथून."

पण देवघरात महिनाभर हळदकुंकू घेतलेल्याला नुसते प्लग ओढून उठवायचे, हे तिला पटेना आणि खरे सांगायचे तर मलाही पटेना. सोमवारी सकाळी मी सोवळे नेसून राउटरची यथासांग उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, आसन जरा हलवले आणि नेमसिंगने लांबवून दिलेल्या तारेवर त्याला जान्हवीच्या कपाटावर नेऊन बसवले. (नेमसिंगही दोन अक्षता टाकून गेला. त्याला आता पस्तीसपेक्षा जास्त गुण द्यावेसे वाटतात.) तेव्हापासून नेट अखंड चालते आहे. मी आता मोजत नाही; सिद्ध झालेल्या गोष्टीला पुन्हा पुन्हा प्रमाण मागणे हा अविश्वास झाला. बाराला डोळे मिटतो ते थेट चारला उघडतो, आणि मधल्या वेळात जीपा भरभरून वाक्ये आमच्या दारात येऊन सुखरूप उतरत असणार अशी खात्री बाळगतो.

वहिनींना नमस्कार, गुडघ्यांना (दोन्ही) विश्रांती.

आपला,
विश्वंभर

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिले तेच राहिले. ती माडीवरची खोली एखाद्या भल्या भाडेकरूला देऊन टाका. एप्रिल संपण्याच्या आत द्या. आणि जान्हवीने कधी विचारलेच तर खोली केव्हाचीच गेली म्हणून सांगा. तुम्हाला खोटे बोलायला लावतो आहे याचे पाप माझ्या खाती.

आणखी ता. क. पाकीट चिकटवून टपालात टाकायला जान्हवीकडेच देतो आहे. ती दुसऱ्यांची पत्रे वाचत नाही.

मामा, मी जान्हवी. वाचलं. खोली खुशाल देऊन टाका. कंपनीनं मला दुसऱ्याच आठवड्यात कायमचं हो म्हटलं होतं. आत्याआजी दार लावते हे मला तोवर कळलं होतं, आईला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी साहेबांना खरंच सांगून टाकलं की दुपारी आमच्याकडे देव झोपतात. ते केरळातले, म्हणाले, आमच्या गावीही दुपारी देवळाची दारं बंद असतात, मग तेवढ्या वेळात आपण कशाला बोलायचं, आणि दोनची मीटिंग साडेचारला ठेवली. बाबांना सांगणारच होते, पण ते वही घेऊन रोज माझ्या शेजारी येऊन बसायला लागले होते, आणि लहानपणानंतर ते असे बसले नव्हते. आता त्यांनी डबी माझ्या डोक्यावर आणून ठेवल्यापासून साहेबांना मी दुपारीही ऑनलाइन दिसायला लागले, मीटिंग परत दोनला आली, आणि सोमवारी आत्याआजी बारा वाजता दोन ताटं वाढून एकटीच बसून राहिली. तुम्ही बाबांना जरा कळवाल का, की राउटर देवघरातच बरा असतो? तुमचं ते ऐकतात. तुमचं पत्र यायला आठवडा लागेल, तोवर मी रोज बाराला प्लग काढते आणि पावणेचारला लावते. बाबा झोपलेले असतात.