नाव माझं, स्टिअरिंग त्याचं

३ मे
आज सतीशने टीव्हीवर पुन्हा तेच व्हिडिओ लावले. इंग्लंडची हिरवी टेकाडं, मेंढ्या, दगडी कुंपणं आणि मधून चाललेली मोटरहोम. जुलैत आपण असंच फिरायचं म्हणे. आपण म्हणजे आम्ही तिघं आणि दुबईहून त्याचे दादा-वहिनी. बुकिंग झालंसुद्धा. मला कळवलं, विचारलं नाही.
"हॉटेलची कटकटच नको! किचन आतच आहे. गरम गरम पोळ्या खात डोंगर बघायचे."
प्रत्येक व्हिडिओत एक बाप्या दरीकडे बघत कॉफी पितो. कॉफी कुणी केली ते दाखवत नाहीत. इथे अबू धाबीत ओट्याशी उभी असते, तिथे चाकांवरच्या ओट्याशी उभी राहीन. एवढीच हवापालट.

६ मे
वहिनींचा फोन. चिवडा-चकल्या त्यांच्या कारखान्यातून येणार. कुकर मी आणायचा, मोठा.
"सतीशभावजींना बाहेरचं सोसत नाही ना गं."
सोसत नाही! ऑफिसात रोज शवर्मा सोसतो.
ईराला सांगितलं. लेकीने फोनमधून डोकं वर न काढता सल्ला दिला, "देन डोन्ट कुक, आई. सिंपल."
सिंपल म्हणे.

११ मे
मोटरहोम भाड्याने देणाऱ्या कंपनीचा ईमेल आला आणि घरात सुतकी शांतता. गाडी गिअरची आहे. स. आणि दादा, दोघांचंही इथलं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं. बुक करताना दोघांपैकी एकालाही हे सुचलं नाही. जुलैत ऑटोमॅटिक मोटरहोम एकही शिल्लक नाही.
मी म्हटलं, माझं गिअरचं आहे.
ईराने फोन खाली ठेवला. "यू कॅन ड्राइव्ह मॅन्युअल? नो वे!"
कराडला बाबांच्या टेम्पोवर शिकले मी. इथे टेस्टलाही हट्टाने गिअरचीच गाडी घेतली, तेव्हा स. हसला होता. आज म्हणाला, "ब्रिलियंट! सुटलो."
खरं सांगायचं तर छाती फुगली. तिकडे गाड्या डावीकडून चालतात, आपल्याकडच्यासारख्या. ती वळणं, मेंढ्या आणि स्टिअरिंगवर मी. भांडी घासताना गाणं गुणगुणत होते. वेडी.

१२ मे
स. हॉलमध्ये दादांशी फोनवर. मी कपडे वाळत घालत होते.
"नाव हिचं टाकतो, चालवू आपणच. खेड्यातल्या रस्त्यांवर कोण बघतंय? खलास!"
तळपायाची आग मस्तकात गेली. ओले कपडे तसेच टाकून आत गेले. मग जे व्हायचं ते झालं.
स.: तिथले रस्ते अरुंद, दोन्हीकडे भिंती. एवढं धूड तुला जमणार आहे का?
मी: आणि तू लायसन्सशिवाय ठोकलीस तर? गाडी कुणाच्या नावावर? जाब कुणाला विचारतील?
स.: तू ना, प्रत्येक गोष्टीचा इश्यू करतेस.
सांगून टाकलं. नाव माझं असेल तर गाडीही मीच चालवणार. आणि जे चालवणार नाहीत ते स्वयंपाक करणार. मान्य नसेल तर माझं नाव काढा, मी येत नाही.

१७ मे
दुबईला दादांच्या कारखान्यावर गेलो. मी मुद्दाम त्यांची डिलिव्हरी व्हॅन मागितली, ती गिअरची आहे. पहिल्याच झटक्याला बंद पडली. दादा आणि स. एकमेकांकडे बघून हसले. ते हसू विसरणार नाही. मग जमलं. गोदामांना मोठी चक्कर मारली, रिव्हर्समध्ये दोन ट्रकच्या मधे नीट लावली.
दादा म्हणाले, "छान. पण इंग्लंड वेगळं, हं."
जसे काही हे तिथेच जन्मले!

१९ मे
वहिनी फोनवर चिडल्या. चिडल्या कुणावर? माझ्यावर!
"तू ड्रायव्हर होऊन बस. मग सगळ्यांच्या पोळ्या मी एकटीने लाटायच्या का?"
म्हटलं, वहिनी, तुम्ही का लाटायच्या? दोन धडधाकट पुरुष आहेत की.
"काहीतरीच!" म्हणाल्या. फोन मात्र ठेवला नाही.

२२ मे
चालवणाऱ्याचं नाव कंपनीला उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. दहा दिवस स. या विषयावर अवाक्षर बोललेला नाही. कुकर तेवढा आपणहून माझ्या बॅगेजवळ आणून ठेवलाय, म्हणजे तिथेही रांधायचं मीच, ते समजले. रक्त नुसतं उकळतंय.
आत्ता संध्याकाळी चहा केला, फक्त माझा. किचनमधल्या टेबलाशी लिहीत बसलेय. स. दारात आला.
"पाच माणसांना कणीक किती लागते?"
टोमणा की प्रश्न, कळलं नाही. चेहरा नेहमीसारखाच.
म्हटलं, "मळून बघ, कळेल."
वाटलं, पाय आपटत जाईल. गेला नाही. एकेक डबा उघडून बघतोय. रवा. बेसन. पुन्हा रवा. लग्नाला सतरा वर्षं झाली.
कणकेचा डबा कुठला, ते मी सांगणार नाही.