माधुरीचं कौतुक

३ जानेवारी १९९७

पुन्हा तेच! माधुरी आज भिंत सोडून चालली. मी टाळ्या वाजवल्या, तर सासूबाई अंगावरच आल्या. "वाखाणू नको गो पोरीला! नजर लागल." आणि पोरीकडे बघून, "कसली चालतेय, लंगडी मेली!"

पोलादपूरच्या ह्या डोंगरावर लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. दुभत्या म्हशीला भाकड म्हणायचं, गोऱ्या पोराला काळ्या. माझ्या भाकरीला आजवर एक चांगला शब्द नाही. महाडला आमचे आप्पा वाकड्या रांगोळीलाही वा म्हणायचे!

११ जानेवारी

आप्पा आले होते. मास्तर ते — मी गाऱ्हाणं मांडलं, तर शब्दाच्या मुळाशी गेले. संस्कृतात कौतुक म्हणजे लग्नात मनगटाला बांधायचा मंगल दोरा. नवल, उत्सुकता हेही अर्थ त्याचेच. आपण तो वाखाणण्यासाठी वापरतो.

सासूबाईंना मुद्दाम ऐकवलं. त्यांनी माधुरीच्या मनगटावरचा काळा दोरा दाखवला. "बांधलाय की. तोंडानं कशाला बोलायला हवं?"

कपाळ माझं.

२ फेब्रुवारी

रडता रडता माधुरीचे ओठ निळे पडले. महाडचे डॉक्टर म्हणाले, हृदयाला जन्मापासून छिद्र आहे, मुंबईला न्या.

सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माझ्या टाळ्या आठवल्या असतील. मलाही आठवल्या. शिकलेली ना मी!

१९ फेब्रुवारी

मुंबईहून परत आलो. उशीर झालाय, ऑपरेशन झेपणार नाही — घरी न्या म्हणाले. बिरवाडीच्या कारखान्यातून रजा काढून हे सोबत आले होते. एस.टी.त सगळा रस्ताभर खिडकीकडे तोंड करून बसले.

२६ फेब्रुवारी

माधुरी आता चालत नाही. रोज सकाळी सासूबाई तिच्या उशाशी बसून सुरू करतात — "उठ गो नकटे! काळे! माकडे!" मी चुलीपाशी कान देऊन ऐकते. त्या शिव्यांनी जरा धीर येतो.

आज मीही म्हटलं, नकटी. म्हणवेना, तरी म्हटलं.

६ मार्च

दूध पोटात राहत नाही.

७ मार्च

सासूबाईंनी सकाळी माधुरीला मांडीवर घेतलं. तिचे केस सारखे केले, मनगटावरचा काळा दोरा सोडला. मग माझ्यासमोर, मोठ्यानं म्हणाल्या, "किती देखनी गो माजी बाय!"