ताईची वाचणारी पेटी

ती. ताईला धाकट्याचा लांबूनच नमस्कार.

तुला पुस्तकं वाचून दाखवणारी पेटी मी याच हातांनी केली: सागवानी खोका, बोटांना कळणारी बटणं आणि ई-पुस्तकांचं डिजिटल कुलूप उघडणारा प्रोग्राम. कुणाकडे शिकायला गेलो नाही.

आपल्याकडे अंधांसाठी हे चालतं. इथे परदेशात गुन्हा आहे. शेजारच्या अंध आजोबांना तशीच पेटी करून दिली, खाली हौसेने माझं नाव कोरलं आणि सापडलो. वकील म्हणतो, "काका, आता कुणाशी बोलू नका." तसंही बोलायला आहे कोण!

काळजी करू नकोस, कोठडीत जेवण वेळेवर होतं. पेटीत आवाज माझाच ठेवलायस ना?

पुस्तकांची कंपनी म्हणाली, "बहिणीचीही पेटी मोडा, खटला मागे घेतो, वर वीस लाख देतो." मी नाही म्हटलं.

तुझ्या पेटीत बोलणारा,
धाकटा