वचनावरची बशी

८ जानेवारी, पहाटे, बस यायच्या आधी
आजपासून रोजनिशी. ठराव: रोज बायबलातलं एक कडक वचन घ्यायचं आणि त्याचा अर्थ लावायचा. तलवार, आग, हात तोडा, डोळा उपटा, अशी सगळी. वर्षाअखेर जाड पुस्तक होईल. शाळेत मी सहाच हिवाळे गेलो. तिथे सगळं जुन्या जर्मनमध्ये पाठ करायचं, अर्थ विचारला की पट्टी. म्हणून माझी बुद्धी अजून कोरी आहे, हा फायदाच.
मेक्सिकोतल्या आमच्या जुन्या चालीच्या जर्मन ख्रिस्ती वसाहतीतून इथे ओंटारिओत येऊन दोन वर्षं झाली. घरची आठवण एकदाही आली नाही. नोंद असावी.

९ जानेवारी
शिफ्ट लांबली. उद्या दोन वचनं.

१४ जानेवारी
आठवड्यात एकही झालं नाही. चूक माझी नाही. कोर्ने (माझा मावसभाऊ, खोलीतला वरचा पलंग) झोपेत बोलतो.

१७ जानेवारी, जेवणाच्या सुट्टीत
ग्रीनहाऊसात काकडीच्या रांगांमधून गरम पाण्याचे पाइप आहेत, त्यांच्यावरून गाड्या ढकलायच्या. चाकं लोखंडी. तिसऱ्या रांगेतली गाडी बाबांच्या ट्रॅक्टरसारखी वाजते. अगदी तशीच. मी वळून पाहिलं. धुकं होतं, काकड्या होत्या. सुपरवायझरला म्हटलं, तेल घाला. तो म्हणाला, कालच घातलंय, आता तुझ्या कानात घालू का.
मला काही वाटलं नाही. फक्त रांग बदलून घेतली.

२१ जानेवारी, रविवार
नेटामावशीकडे गेलो. मावशी कुणाची सख्खी नाही, आम्हा सगळ्या पोरांची. रविवारी दुपारी कॉफी पाजते, सूर्यफुलाच्या बिया समोर ठेवते आणि बायबल वाचून घेते. आज मी तिला तलवारीचं वचन समजावून सांगितलं. शांती द्यायला नाही, तलवार द्यायला आलोय, असं प्रभू स्वतः म्हणतात. म्हटलं, मावशी, मीही तलवार चालवूनच घराबाहेर पडलोय. मग सगळी हकीकत सांगितली.
आमच्यात धर्माच्या नियमाने ट्रॅक्टरला रबरी टायर चालत नाहीत, लोखंडी चाकंच लागतात. बाबा परगावी गेले असताना मी टायर चढवले. चर्चच्या मंडळीचे वडीलधारे आले. बाबांनी परत येऊन ते टायर स्वतःच्या हातांनी उतरवले आणि भर मंडळीत उभं राहून माझ्या वतीने माफी मागितली. मला न विचारता. मग मी एका चिठ्ठीवर वचन लिहिलं: जो आपल्या बापाचा द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही. साखरेच्या डब्याखाली ठेवली आणि निघालो.
मला वाटलं, मावशी वाहवा करेल. ती म्हणाली, बशीतली टरफलं ओत बघू. मग ती बशी तिने तलवारीच्या वचनावर पालथी घातली. म्हणाली, हे तुला पाठ आहे ना, मग हे नको वाचू. वरचं वाच, खालचं वाच.
वर शिष्यांना मार खावा लागणार असं लिहिलंय. तलवार त्यांच्यावर चालणार, त्यांच्या हातात नाही. आणि अध्याय संपतो तो तहानलेल्याला पेलाभर गार पाणी देण्यावर. मावशी म्हणाली, काय रे तलवारबहाद्दर, तू कुणाला पाणी दिलंस?
बाई साधी आहे. तिला खोल अर्थ कळत नाही. कॉफी मात्र चांगली.

१२ फेब्रुवारी
वेल छाटताना उजव्या हाताला सुरी लागली. अडखळवणारा हात तोडून टाक, हे वचन आठवलं. खूण असावी. कोर्ने म्हणाला, प्रभूंनी डोळाही उपटायला सांगितलंय, तर आधी तोच काढ, पॅकिंगमधल्या पोरींकडे हात बघत नाही, डोळा बघतो. आणि सगळ्यांनीच हात तोडले तर काकड्या काय गुडघ्यांनी तोडणार? पुढे म्हणाला, तोडणं जरा राहू दे, आधी सुरी धुऊन ठेव.
कोर्ने अडाणी आहे. तरी नोंद करतो: ते बोलणं पाप गंभीरपणे घ्यावं म्हणून असणार, हातासाठी नसणार. पुस्तकात हा शोध माझ्या नावावर घालीन.

२० फेब्रुवारी
नवी रांग दहावी. तिथली गाडीही तशीच वाजते.

३ मार्च, रविवार
मावशीने आज माझ्या चिठ्ठीच्या वचनावर बशी ठेवली. वर एक मेजवानी आहे. बोलावलेले सगळे सबबी सांगतात: एकाने शेत घेतलंय, एकाने बैल, एकाचं नुकतंच लग्न झालंय. मी पोट धरून हसलो. काय एकेक माणसं असतात. खाली बुरूज बांधायला निघालेला माणूस आहे. खर्चाचा अंदाज नाही, बुरूज अर्धा राहतो, लोक हसतात. म्हटलं, मावशी, हे बांधकामाचं आहे, माझा संबंध नाही. तिने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.
मग म्हणाली, हेच बोलणं बायबलातल्याच दुसऱ्या पुस्तकात असं आहे, की माझ्यापेक्षा बापावर जास्त प्रेम करू नका. त्या लोकांच्या बोलण्यात द्वेष म्हणजे दुसरा नंबर देणं, बाळा. बाप टाकून दे असं कुणी म्हटलेलं नाही. तू आजूबाजूचं का नाही लिहिलंस?
मी म्हटलं, कागद लहान होता.

४ मार्च
ठराव: बाबांना पत्र. उद्या.

९ मार्च
खरं तर आधी त्यांनीच लिहायला हवं. दोन वर्षांत एक ओळ नाही. आईला आणि माझी बहीण लेना हिलाही लिहू देत नसणार. हट्टी माणूस. दुसरा कुणी असता तर खचला असता. मी ठीक आहे.

१७ मार्च
हाताची जखम भरली नाही. (भरली आहे, पण लिहिताना ओढ बसते.)

२६ मार्च
ईस्टरनंतर लिहीन. सणात माणसं हळवी होतात, अर्थ नीट लागत नाही.

५ एप्रिल
लिहिलं. चार पानं. द्वेष म्हणजे काय, बुरूज, मेजवानी, सगळं उलगडून सांगितलं. असं पत्र आमच्या वसाहतीत कुणी वाचलं नसेल. माफी वगैरे मुद्दाम घातली नाही. हुशार माणसाला ती वाचता वाचता कळते. चौथ्या पानावर अर्धी जागा उरली. टाकलं पोस्टात.

२८ एप्रिल
गाड्यांचा आवाज आता खोलीवरही येतो. कोर्ने म्हणाला, गाड्या आहेत मैलभर लांब, तू डोकं तपासून घे. मग म्हणाला, मलाही कधीकधी आमची गाय ऐकू येते.

१९ मे, रविवार
माझं पत्र परत आलं. मोठ्या पाकिटात, सोबत लेनाची चिठ्ठी. तिनं लिहिलंय: दादा, हे चोरून लिहितेय. तुझी ती चिठ्ठी बाबा दर रविवारी काढून वाचतात. म्हणतात, प्रभूने त्याला बापाचा द्वेष करायला सांगितलंय, तो करतोय, आपण पत्र लिहून त्याचा पाय मागे ओढायचा नाही. आम्हालाही लिहायला मनाई. तुझं पत्र त्यांनी उघडलं नाही, परत पाठवायला सांगितलं.
माझ्या पाकिटावर बाबांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात एक वचन: नांगराला हात घालून मागे पाहणारा प्रभूच्या कामाचा नाही.
म्हणजे दोन वर्षं तो हट्ट नव्हता. बाबा माझी चिठ्ठी पाळत होते.
बशी मावशीकडून मागून आणली. वचनावर ठेवली. आजूबाजूला पाहिलं. पाकिटाचा जोड खरखरीत. मी डिंकाने चिकटवलं होतं, हे पिठाच्या खळीने चिकटवलंय. म्हणजे उघडलं होतं. आत चारही पानांच्या घड्या पार मऊ पडल्यात, एकदा वाचून तशा पडत नाहीत. पानांवर ट्रॅक्टरच्या ग्रीसचे डाग, बोट ओळींखालून सरकवत नेलेलं. चौथ्या पानावर अक्षरं संपतात. डाग संपत नाही. उरलेल्या अर्ध्या कोऱ्या जागेवरून तो खालपर्यंत गेलाय आणि कडेला थांबलाय.
ठराव: तेवढ्या जागेत, तेव्हा मुद्दाम न घातलेला एकच शब्द लिहायचा आणि तेच पान परत पाठवायचं.
पेन कोर्नेने नेलंय. हे पेन्सिलीने लिहितोय. बापाला पेन्सिलीने लिहीत नाहीत. उद्या.