खिडकीतली खुर्ची

सेबू, डोंगरावरून
१२ मार्च

माझ्या लाडक्या जोव्हलिनला नानायचे खूप खूप पापे.

तू आणि रोडेल खुशाल असाल. बाळ फार लाथा मारतं असं कळलं. मारू दे. तूही मला अशीच झोपू देत नव्हतीस. आम्ही दोघं बरे आहोत. इथे सकाळी अजून गारवा असतो, पण दुपारी नेमबाजीच्या मैदानावरच्या मातीत चप्पल घालूनही पाय भाजतात. कुंपणाजवळच्या आंब्याला यंदा कैऱ्या लगडल्यात. तुला डोहाळे लागले तेव्हा एकही नव्हती, आणि आता बघ.

तू रागावली आहेस ते मला कळतंय. मागच्या महिन्यात तुझं बोलणं अर्ध्यावर तोडून मी फोन ठेवला आणि त्यानंतर एकदाही उचलला नाही. फोन हल्ली तुझ्या वडिलांच्या खिशात असतो. तुझे मेसेज तुझे तातायच वाचतात. "आम्ही ठीक, तू जप" अशी जी उत्तरं येतात ना, ती त्यांचीच. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. बर्फ घेऊन येणारी लोर्ना शहरात उतरते, तिच्याकडे देईन.

तू विचारलं होतंस, नानाय, बाळंतपणाला येशील ना? इंदाय, माझ्या पोरी, एप्रिलमध्ये ईस्टरचा पवित्र आठवडा येतो. त्या सुट्टीत इथे कोरियन पाहुण्यांच्या बसमागून बस. कँटीनची खिडकी कोणावर सोडू? शिवाय गुडघा पुन्हा सुजलाय. काळी शेळी गाभण आहे. रात्रभर बोटीत बसायचं म्हणजे मला उलट्या होतात, तुला माहीतच आहे. आणि रोडेलची आई दोन गल्ल्या सोडून राहते. तिने सात मुलं वाढवली, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझ्या तातायचं काय विचारतेस! ते इथले हिरोच झालेत. तो कोरियन गाइड, मिस्टर पाक, बसमधून उतरला की पहिल्यांदा ओरडतो, "माझा तेओ कुठाय? तेओ नसेल तर मी बस वळवतो!" पाहुण्यांना त्यांच्याबरोबर फोटो हवा असतो. ते बोलत नाहीत फारसं, बंदूक कशी धरायची ते हातानेच दाखवतात, पाय असा, खांदा असा, श्वास सोड, आता. ज्यांना आपली भाषा येत नाही त्यांना तेच बरं वाटतं.

आता थांबते. बस आली. मला खिडकीशी जायला हवं.

१४ मार्च

परवाचं वाचून काढलं आणि फाडून टाकणार होते. त्यात खोटं एकही नाही. गुडघा दुखतो, शेळी गाभण आहे, बोटीत मळमळतं. पण यातल्या कशासाठीही मी तुझ्या पहिल्या बाळंतपणाला यायची राहिले नसते. हे तुला कळतं, म्हणून तर तू रागावलीस.

ऐक तर. तुझ्या तातायना ऐकू येत नाही.

उजवा कान पार गेला. डाव्यात थोडं उरलंय, तेही मी समोर उभी राहून, त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे असेल तेव्हा. एका दिवसात झालं नाही हे. वादळात किनाऱ्यावरचं घर गेलं, होड्या बांधायचं काम गेलं, आणि मेजरनी आपल्याला इथे वर, त्यांच्या या मैदानावर आणलं, तेव्हापासून हळूहळू. कानावर लावायचे ते जाड टोप सगळ्यांना दिलेत. तुझे ताताय मात्र एका बाजूचा सरकवून ठेवायचे. "पाहुणा काय विचारतो ते ऐकायला नको?" म्हणायचे. दिवसभर शेजारी बंदुका वाजायच्या आणि ते एक कान उघडा ठेवून हसतमुख उभे.

डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांना "शेळीसाठी औषध आणू" सांगून शहरात नेलं, इतके ते टाळत होते. डॉक्टरीणबाई म्हणाली, गेलं ते परत येणार नाही. डाव्या कानात उरलंय ते टिकेल, पण त्या आवाजातून बाहेर पडले तरच. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. सगळं कळलं त्यांना. निघताना शेळीचं औषध मात्र आठवणीने घेतलं.

मग मी टॉवेल वाळत घालायला लागले. कँटीनची खिडकी मैदानाकडे आहे ना, तिथे. कोणी बंदूक उचलली की लाल टॉवेल. सगळ्यांच्या बंदुका खाली, शिट्टी झाली, की पांढरा. पुढे जाऊन बांधावरचे निशाणाचे कागद बदलायच्या आधी ते खिडकीकडे बघतात. कोणाला कळलं नाही. नोएल, तो दुसरा शिकवणारा पोरगा, एकदा म्हणाला, "नानाय, तुमच्याकडे सारखे टॉवेल कसे भिजतात हो?" मी म्हटलं, "तू घाम पुसतोस ना, म्हणून."

अशी मी नूडल्स उकळता उकळता त्यांचे कान झाले. त्याचं मला ओझं वाटत नव्हतं, इंदाय. खरंच नव्हतं.

आता पुढचं. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. पण नाही सांगितलं तर तू मला बोलावत राहशील आणि मी गुडघा पुढे करत राहीन.

त्या दिवशी बायकांचा घोळका आला होता. सगळ्या माझ्या वयाच्या, डोक्याला उन्हाच्या टोप्या, हातात घरून आणलेले लोणच्याचे डबे. मुलांची लग्नं उरकून मैत्रिणी मैत्रिणी निघालेल्या. इतक्या हसत होत्या की मिस्टर पाक म्हणाला, "यांना बंदुका देऊ नका, या तशाच मारून टाकतील!" एकेकीने गोळ्या झाडल्या, किंचाळल्या, टाळ्या वाजवल्या. मध्ये एकदा सगळ्या थांबून फोटो काढायला लागल्या, म्हणून मी पांढरा टॉवेल लावला. आणि तेवढ्यात तुझा फोन आला.

फोनवर नीट ऐकू येतं ते मागे पाण्याच्या टाकीजवळच. मी मागे गेले. तू सांगत होतीस, नानाय, आज बाळाने अशी लाथ मारली की पोटावर ठेवलेली बशी उडाली. मी हसत होते. टॉवेल पांढराच राहिला.

फोटो झाले होते, हे मला नोएलने नंतर सांगितलं. गुलाबी टोपीवाली एक बाई राहिली होती, तिची पाळी होती. नोएलने तिच्या हातात पिस्तूल दिलं, तिने ते समोर धरलं. आणि तुझे ताताय खिडकीकडे बघून, पांढरा टॉवेल बघून, बाजूच्या वाटेने कागद बदलायला पुढे निघाले. नोएल ओरडला. आधी त्यांच्या नावाने ओरडला, मग नुसताच. त्या ओरडण्याने ती बाई दचकली आणि तिच्या हातून गोळी सुटली.

मी तेव्हा कोपऱ्यावरून पुढे येत होते. त्यांच्या पायाजवळची माती उडालेली मी पाहिली. त्यांनी ती पाहिली नाही. ते सरळ चालत गेले, बांधावरचा कागद काढला, नीट गुंडाळला आणि वळले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ती बाई मातीत बसून रडत होती. त्यांना वाटलं, आवाजाला घाबरली. इंदाय, ते तिच्याजवळ गेले, आठवण म्हणून तिला तो कागद दिला आणि पाठीवर थोपटलं. ती आणखीच रडायला लागली. ते माझ्याकडे बघून हसले, "काय झालं हिला?" अशी मान हलवून.

फोन माझ्या कानालाच होता. तू विचारत होतीस, नानाय, कसला आरडाओरडा? मी म्हटलं, "भात करपला," आणि बंद केला.

तुझ्या फोनमुळे झालं असं चुकूनही मनात आणू नकोस. तू आईला आनंदाची बातमी सांगत होतीस. पण तेव्हापासून फोन वाजला की मी आधी मैदानाकडे धावते. म्हणून मी तो त्यांच्या खिशात दिला. तिथे तो वाजत राहतो आणि त्यांना कळत नाही.

संध्याकाळी मेजरनी मला ऑफिसात बोलावलं. आता घर जातं की राहतं, हेच डोक्यात घेऊन गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, थंड पाणी दिलं.

"क्रिसांता, मला काय दिसत नाही? टॉवेल मलाही दिसतात."

मी म्हटलं, "साहेब, त्यांना दुसरं काही काम द्या. कुंपण दुरुस्त करतील, सुतारकाम करतील. मूळचे होड्या बांधणारेच आहेत ते."

"सुतार मला कुठेही मिळेल. तेओ कुठे मिळणार? पाहुणे त्याचं नाव घेऊन येतात. आणि एवढं घाबरतेस कशाला? तू आहेस ना. त्याच्यावर तुझ्याइतकं लक्ष दुसरं कोण ठेवणार?" मग टेबलावरून पुढे वाकून म्हणाले, "तुमच्या पोरीला बाप्तिस्म्याला मी हातावर धरलं, मी तिचा धर्मपिता. आपण घरचीच माणसं. मी तेओला काढणार नाही. तू बिनघोर राहा."

दुसऱ्या दिवशी कँटीनला नवी मुलगी आली. खिडकीत माझ्यासाठी खुर्ची आली, गुडघ्याचं कळलं होतं म्हणून गादीवाली. पंखा आला. दोन झेंडे शिवून आले, एक लाल, एक पांढरा. मेजर स्वतः बघायला आले आणि म्हणाले, "आता तुला नूडल्ससुद्धा उकळायला नकोत. बसून राहायचं, बस."

मी थँक यू म्हटलं. मनापासून म्हटलं. मग त्या खुर्चीत बसले, समोर तुझे ताताय, माझ्या हातात झेंडे, आणि एकदम कळलं की इथून आता मला उठता येणार नाही. आधी मी लपून करत होते, तेव्हा माझं मी करत होते. आता ते काम झालं. रविवारी चर्चला खाली जायचं असेल तर आधी सांगावं लागतं, म्हणजे तेवढा वेळ त्यांना बंदुका पुसायला बसवता येतं. महिनाभर कोण बसवणार? पाहुणे पैसे मोजून हिरो बघायला येतात.

मेजर वाईट नाहीत गं. वाईट असते तर मी भांडले असते.

त्यांच्याशी बोलले मी. मागे ओट्यावर बसलो होतो, त्यांचं तोंड माझ्याकडे करून घेतलं आणि सांगितलं, जोव्हलिन बोलावतेय.

"जा ना मग," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी बघत राहीन चारी बाजूंना."

"पाठीला डोळे फुटलेत का?"

ते हसले. मग म्हणाले, "बायको, आपल्याला पावसात उभं राहायला जागा नव्हती तेव्हा त्या माणसाने छप्पर दिलं. त्याला कुठल्या तोंडाने सांगू, तुझ्या बंदुकांनी माझे कान गेले?" त्यांना वाटलं ते हळू बोलले. पलीकडच्या खोलीत नोएलने रेडिओ मोठा केला, आमचं ऐकू येऊ नये म्हणून.

थोड्या वेळाने मला विचारलं, "बाळ रडतं ते केवढ्या आवाजात? आपली पोर रडायची तेव्हा मला होडीवर ऐकू यायची." मी म्हटलं, "मोठ्याने रडतं. घर डोक्यावर घेतं." ते म्हणाले, "मग ऐकू येईल कदाचित." आणि उठून शेळीकडे गेले.

आता मी काय मागते ते नीट वाच. मला बोलावू नकोस. मी एकटी आले तर तुझ्याकडे बसून माझा जीव इथे राहील, आणि काही झालं तर त्या बाळाचं तोंड मला बघवणार नाही. त्यांना बोलाव.

त्यांना पत्र लिही. या पत्राबद्दल एक अक्षर नको. कान नीट नाहीत म्हणून या, असं लिहिलंस तर ते मुळीच येणार नाहीत. लिही की बाळासाठी पाळणा हवाय, तुमच्या हातचा. इथून करून पाठवा म्हणू नकोस. पाठवतील, दोन रात्रीत करून बोटीवर चढवतील, ओळखतेस तू त्यांना. लिही, इथे येऊन करा, लाकूड आणून ठेवलंय. रोडेलला खरोखरच आणून ठेवायला सांग. लिही की बंदराजवळ होड्या दुरुस्त करणारे आहेत आणि रोडेलला त्यातलं काही कळत नाही. हेही काही खोटं नाही. आणि शेवटी, नानायला बरोबर आणा.

दुसरं पत्र मेजरना, तुझ्या निनोंगना. त्यांच्याकडे मी काही मागू शकत नाही, तुझे ताताय तर नाहीच नाही. तू मागू शकतेस. तू त्यांची धर्माची मुलगी आहेस आणि तुला आजवर त्यांनी कशाला नाही म्हटलेलं नाही. त्यांना लिही, निनोंग, माझे आईवडील मला द्या. "काही दिवसांसाठी" असं लिहू नकोस. नुसतं "द्या" लिही.

ते चिडतील कदाचित. दुखावतील. हे घर दुसऱ्याला देतील. शेळ्या विकाव्या लागतील, आणि गाभण शेळी विकायचं माझ्या जिवावर येईल. दोन खोल्यांत आपण पाच जण कसे मावणार, हेही मला माहीत नाही. माझा सगळा विचार करून झालाय. तुझ्या सासूला मी सांभाळून घेईन, बाळाला किती घट्ट गुंडाळायचं यावरून एकदाही बोलणार नाही.

उत्तर मला नको. त्यांच्या नावाने येऊ दे, मोठ्या अक्षरात, म्हणजे ते पुन्हा पुन्हा वाचतील. मी तेव्हा आश्चर्य वाटल्यासारखं करीन. लोर्नाची गाडी वळणावर दिसतेय, पाकीट चिकटवते. लवकर लिही, इंदाय. त्यांच्या कानात अजून थोडं उरलंय तोवर लिही.

तुझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागणारी,
तुझी नानाय