वन्संनी आणलेलं घामोळं

दि. ३ मार्च
चि. सौ. वहिनीस, अ. उ. आ.

तुझ्या बाळीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि ऐकूही येत नाही, असं भाऊरायाने कळवलं. आमच्या सात पिढ्यांत असं नाही. तुझ्या मावशीची जाड भिंगं आम्ही लग्न ठरवतानाच बघायला हवी होती. असो, पदरी पडलं पवित्र झालं.

धाकट्या भावजयीला दिवस गेलेत म्हणे. रविवारी येऊन तिला चार युक्तीच्या गोष्टी सांगते. माझ्या छोटीलाही आणेन; तिला घामोळं उठलंय, पण पावडर लावली की दिसत नाही.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी नणंद

दि. ७ मार्च
ती. वन्संना, सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. देवापुढे कान धरले.

सात पिढ्या राहू द्या, गेलं वर्ष आठवा. मला तिसरा महिना, आणि तुम्ही तुमच्या थोरल्याला घेऊन आठ दिवस राहायला. त्याच्या अंगावर पुरळ, शाळेने घरी धाडलेला. तेव्हाही घामोळंच म्हणालात! तुम्ही मैत्रिणींकडे, न्हाऊ मी घातलं. पाठोपाठ मलाही पुरळ. आता बाळीचं रक्त तपासलं, तर रुबेला. पोटुशीला झाला की बाळाचे डोळे-कान जातात. मावशीची भिंगं त्यात कुठे बसत नाहीत. लस फुकट मिळते, पण तुमची मुलं सुईला रडतात म्हणून टाळलीत! माझी बाळी ऑपरेशनला रडेल, ते तिचं तिलाही ऐकू येणार नाही.

बाळीच्या अंगातही तो विषाणू वर्षभर राहू शकतो, म्हणून धाकटीला मीच माहेरी धाडलंय. रविवारी येऊ नका. दार उघडणार नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.
तुमची वहिनी

दि. १२ मार्च
चि. सौ. वहिनीस, अ. उ. आ.

तू दार लावलंस, म्हणून रविवारी धाकटीच्या माहेरीच गेले. तुझ्या नाकावर टिच्चून. छोटी तासभर तिच्या मांडीवर निजली.

छोटीला तेव्हापासून कणकण होतीच, काल डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, घामोळं नाही, रुबेला. 

धाकटीला माझ्याने कळवत नाही. तूच सांग, तुला डॉक्टरी भाषा येते.
तुझी नणंद

दि. १४ मार्च
ती. वन्संना, सा. न. वि. वि.

बाळीला सासूबाईंकडे ठेवून मी धाकटीच्या माहेरी निघाले. धाकटीचं रक्त आजच तपासून घेते. उद्या सकाळी तुम्ही तिथे या, एकट्या. आत पाऊल टाकायचं नाही, खिडकीबाहेर उभ्या राहून तिला तुम्हीच सांगायचं. मी तिच्याजवळ बसेन, तुम्ही काय काय गाळता ते ऐकायला.

वहिनी