अजमासाच्या काठ्या

४ जुलै
सेतुराव आलेख घेऊन आले. तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी सभेचे अध्यक्ष. हॉलची किल्ली सदा कमरेला. कागदावर दोन रंगीत खांब. गेल्या वर्षीचा गोपुराएवढा, यंदाचा उंबऱ्याएवढा. चष्मा लावून पाहिलं तर खांबांची खालची रेघ शून्यावर नाहीच, म्हणून फरक एवढा फुगलेला. म्हणे मुलांचं मराठी घसरलं, सबब मेलकावेरीचा माझा रविवारचा वर्ग बंद, हॉल साखरपुड्यांना. वार्षिक सभेत ठराव आणणार.
"अक्का, आकडे तुमचेच. मी नुसतं चित्र काढलं."
आकडे माझेच. मुलाला एक चित्र दाखवायचं, बोलायला लावायचं, तमिळ घुसेपर्यंत किती वाक्यं मराठीत झाली ते मोजायचं. (रसम, पोरियल असल्या ताटातल्या तमिळ शब्दांना माफी.) त्यांची सरासरी.
पण सरासरी म्हणजे देववाणी नव्हे.

५ जुलै
आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात नोकरीत असताना भाताच्या वाफ्यांचे आलेख आम्ही हाताने काढायचो. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर उभी काठी: खरा आकडा साधारण इथपासून इथपर्यंत. काठी नसेल तर साहेब कागद परत भिरकावत. निवृत्त झाले म्हणून काठी सोडू?
मुक्ताला फोन. पुण्याची भाची, कॉम्प्युटरवाली. म्हणाली, "आत्या, एक ओळ आहे फक्त. खांब काढतेस तिथेच yerr लिही आणि त्यात काठ्यांची लांबी दे."
एक ओळ. दुपार गेली. तीन खांबांना दोनच लांब्या दिल्या होत्या, त्यावर त्या यंत्राने लाल अक्षरांत पानभर शिव्या घातल्या. तिसरा खांब मी वाढवलाय: वर्ग सुरू व्हायच्या आधीचा.

६ जुलै
वर्ग झाला. मग काठ्या आल्या, आणि कशा! खांबांहून उंच. इतक्या लांब काठ्यांपुढे सेतुरावांची घसरण कुठच्या कुठे. मी खूश. फोटो मुक्ताला.
मुक्ता: "ही काठी मुलामुलांतला फरक दाखवते. तुला सरासरीचा नेमकेपणा दाखवायचाय ना? मग मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाने भाग. काठी आखडेल."
मला हे शिकवायला निघाली. आणि बरोबर आहे, हेच दुखतं.
लांब काठी ठेवली असती तर सभेत एकालाही कळलं नसतं. तरी भागाकार केला.

७ जुलै
काठ्या आखडल्या. तरी यंदाची आणि गेल्या वर्षीची एकमेकींत शिरतात. घसरण म्हणावी इतका पुरावा नाही.
पण गेल्या वर्षीची आणि वर्गाआधीचीही शिरते.
म्हणजे गेल्या वर्षी मी जी वाढ म्हणून मिरवली, तिचाही पुरावा नाही. तिसरा खांब पुसला तर? कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, अर्धं खरं बोलणारी मुलगी पूर्ण खोटं शिकतेय.
ठेवला.

९ जुलै
नवा आलेख सेतुरावांना दाखवला. काठ्यांना काय म्हणतात विचारलं. एरर बार, मी म्हटलं. मूर्ख मी.
"एरर? तप्पु?" चेहरा उजळला. "म्हणजे चुका आहेत. तुम्हीच कबूल करताय. आणि चुका सभेच्या फ्लेक्सवर कशाला छापायच्या, अक्का? लोक हसतील."
मी सांगितलं, चूक नव्हे. आई मीठ कसं घालायची? अजमासे. तसा हा अजमास. किती ठाऊक आहे, किती नाही, तेवढी काठी.
मग तिसऱ्या खांबावर बोट. "म्हणजे गेल्या वर्षीची वाढपण अजमासेच? तुम्ही मैसूरपाक वाटलात त्याचा."
"हो."
"मी दोन खाल्ले."
"पचले ना? मग झालं."

१० जुलै
मुक्ता हसतेय, अजमासे म्हणे आता फक्त जुन्या दप्तरांत उरलंय. तुमच्याकडे शब्द मेला तर त्यात माझा काय दोष? आमच्याकडे रोज सांबारात पडतो.
काठ्यांखाली तोच शब्द टाकला. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटले. फॉन्ट बदलल्यावर आला.

१३ जुलै
सभा. फ्लेक्स भिंतीवर. तीन खांब, काठ्या गायब. सेतुराव: "छापणाऱ्याला त्या रेघा डाग वाटल्या." छापणाऱ्याला कुणी सांगितलं ते विचारलं नाही. पिशवीतून पट्टी आणि काळं स्केचपेन काढलं, खुर्चीवर चढले आणि अस्की काठ्या, एकूण एक, हाताने ओढल्या, आडुतुरैसारख्या. खाली लिहिलं: अजमास.
"अक्का, पडाल."
"पडले तर तुमच्या अंगावर पडेन."
मग स्वच्छ सांगितलं: वर्गाने मराठी वाढलं हे मला सिद्ध करता येत नाही, घटलं हे यांना. दोन वर्षं आणि मूठभर मुलं, एवढ्यावर कुणालाही नाही.
मागून कमलाबाई, कुणाचीच बाजू न घेणाऱ्या: "अहो, आमटी अळणी आहे की खारट तेच कळलं नाही, तर पातेलं कशाला उपडं करताय?"
हशा. ठराव पुढच्या सभेपर्यंत लांबला. हॉल मात्र 'तूर्त' बंद, किल्ली कमरेलाच.

१९ जुलै
उद्या रविवार. सेतुरावांना दोनदा फोन, उचलला नाही. अस्की आईबापांना कळवलं: दहा वाजता, हॉलच्या पायऱ्यांवर. किल्ली आली तर आत, नाही आली तर बाहेर. दाखवायचं चित्र पिशवीत टाकलंय.
किती येतील? दहा. काठी दोन्हीकडे लांब.